आप्पांच्या हुकावरची चावी

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर तुम्हाला मी चावी वाटणारच नाही. मला दात नाहीत आणि माझी कडीही दिसत नाही. मी एक जुनी, कोपरा उडालेली काळी डबी आहे. पाठीवर तीन बटणं, एक बारीक लाल दिवा आणि पोटात कोटाच्या बटणाएवढा एक गोल, चपटा सेल. एवढ्याशा जिवावर मी एका अख्ख्या गाडीची दारं उघडते आणि लावते. त्या दारांपायी एका घरात काय घडलं, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

कारखान्यात आम्ही दोघी बहिणी एकाच साच्यातून निघालो. आम्हाला एकाच गाडीचा आवाज ओळखायला शिकवलं आणि एकाच पाकिटात घालून गाडीबरोबर धाडलं. आमच्या पोटात कारखान्याने आणखी एक वस्तू गुपचूप बसवली होती. ती अडीअडचणीसाठी आहे, एवढंच आम्हाला कळलं होतं. घरात कुणीतरी ती एकदा बाहेर काढून बघेल, अशी आमची समजूत होती.

ज्या घरी आम्ही आलो, तिथल्या सूनबाई कवळ्या बनवायच्या. मागच्या खोलीत फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने हसत बसलेले असत. त्यांचे सासरे आप्पा, आयुष्यभर शिंपीकाम केलेले. या घरात खाणाऱ्यांपेक्षा दातच जास्त, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. सूनबाईंचा नवरा बोटीवर कामाला, त्यामुळे महिनोन् महिने घरात ही दोघं आणि गुंडी. गुंडी ही त्यांची नात. जन्मली तेव्हा सदऱ्याच्या गुंडीएवढीच होती म्हणून आप्पांनी ठेवलेलं हे नाव. पुढे चांगली बाळसेदार झाली, तरी नाव तेच चिकटलं.

आप्पांचा एक खाक्या होता. घरातली प्रत्येक वस्तू तिच्या खुंटीवर हवी. कात्री, टेप, छत्री, गुंडीची टोपी, सगळं जागच्या जागी. माझ्यासाठी त्यांनी दाराशेजारी एक पितळी हूक ठोकला. हूक इतका चकचकीत की मला फार अभिमान वाटला. पण ज्या भिंतीवर तो ठोकला, तिच्या पलीकडेच गाडी उभी राहायची.

मित्रांनो, आमच्यासारख्या चाव्यांना एक खोड असते. गाडी सारखी हाक मारते, कोण आहे? हाक ऐकू आली की आम्हाला जागं होऊन उत्तर द्यावंच लागतं, मी आहे. गाडी लांब असली की हाक पोचत नाही आणि आम्ही निवांत झोपतो. मला त्या हुकावर झोप कशी ती मिळाली नाही. भिंतीतून दिवसरात्र हाक यायची आणि मी ओ द्यायची. प्रत्येक ओ-बरोबर पोटातला सेल जरासा झिजायचा. आपलं काहीतरी वाईट होणार आहे, हे मला तेव्हापासूनच वाटू लागलं होतं.

अशातच एकदा मी फरशीवर पडले आणि माझा कोपरा उडाला. आप्पा हळहळले. त्यांनी जुन्या कोटाच्या कॉलरचं जाड कापड काढलं आणि मला एक घट्ट खोळ शिवली. दुहेरी टीप, कडेला गोट. पाहुणे ती हातात घेऊन वाखाणायचे. गुंडी तर खोळीवरूनच माझी बटणं दाबायला धावायची. आप्पा तिला कडेवर घेऊन दाखवायचे, हे लावायचं, हे मोठं उघडायचं. दार खट् वाजलं की ती टाळ्या पिटायची. पण त्या कौतुकात मी गुदमरत होते. आतली शिवण नेमकी दार लावायच्या बटणावर आली होती. जरा कुठे दाबलं गेलं की बटण आत जाऊन तसंच अडकायचं.

सेल उतरू लागला. गाडीत चाकापुढच्या काचेमागे चावीचा सेल संपत आल्याचं पिवळं चित्र लागायचं. सूनबाईंनी सेल बदलला. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच चित्र. मग दुसऱ्या दुकानातला सेल आणला, मग महागातला. दुकानदार म्हणाला, हल्ली मालच हलका येतो. गॅरेजवाल्याने फोनवर सांगितलं, चावीला काय होणार आहे, सेल बदला. पोटात दुखतंय म्हटलं की पुढ्यात ताट वाढायचं, तसा तो सगळ्यांचा इलाज. सेल का उतरतो, हे कुणी विचारलं नाही.

सूनबाईंचा हात मोठा सफाईदार. मला उघडायचं तर बाजूची एक बारीक कळ सरकवायची असते. पण त्यांच्याजवळ मेण कोरायची पातळ सुरी होती. ती फटीत घालून त्या मला अलगद उकलायच्या. ओरखडासुद्धा उठायचा नाही. त्यामुळे ती कळ कधी कुणाच्या बोटाखाली आलीच नाही.

एकदा घाईच्या वेळी सेल मिळेना, तेव्हा त्यांनी ड्रॉवरमधल्या माझ्या बहिणीच्या पोटातला काढून मला घातला. तिला रिकामी करून परत ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि नंतर ते विसरूनही गेल्या. त्या दिवशी मला फार भीती वाटली.

आणि मग ती दुपार आली. ऊन नुसतं भाजून काढत होतं. सूनबाई प्लास्टरची गोणी घेऊन परतल्या. मागच्या सीटवर गुंडी पट्ट्यात बांधलेली, शेजारी त्यांची पर्स, पर्समध्ये फोन आणि मी. मी आत असले की गाडी नुसत्या बटणाने चालू-बंद व्हायची, म्हणून मला पर्समधून काढावंच लागत नसे. गाडी बंद करून त्या उतरल्या, डिकीतून गोणी काढली, कोपराने डिकी लावली आणि गोणी ठेवायला आत गेल्या. एवढ्यात पर्स कलंडली. तिच्यातली पाण्याची स्टीलची बाटली माझ्यावर आली. खोळीच्या शिवणीने बटण दाबलं आणि चारही दारं खट् करून लागली. माझ्यात उरलेली धुगधुगी त्या एका खटक्यात संपली.

सूनबाई परत आल्या. दार ओढलं, उघडेना. आधी त्या स्वतःशीच हसल्या. मग काचेतून त्यांना पर्स दिसली आणि त्यांनी आप्पांना हाक मारली. आप्पा माझ्या बहिणीला घेऊन धावत आले आणि तिचं बटण दाबत राहिले.

सूनबाई हळूच म्हणाल्या, "तिच्यात सेल नाही, आप्पा. मीच काढलाय."

आप्पा काचेशी वाकले. त्यांनी पर्सकडे बोट दाखवलं, अंगठा दाबून दाखवला. गुंडीला खेळ वाटला. तिने पर्समध्ये हात घालून मला बाहेर काढलं.

"दाब, बाळा," आप्पा म्हणाले. "मोठं बटण. आपण दाबतो ना, तसं."

तिने दाबलं. मित्रांनो, माझा दिवा लागला नाही. तिने दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, आजोबांकडे बघितलं, पुन्हा दाबलं. मी गाडीला जीव तोडून हाक मारत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. आत भट्टी पेटली होती. गुंडी रडू लागली, लालबुंद झाली, तिची बोटं घामाने माझ्यावरून घसरू लागली. मग तिचं रडणं बारीक झालं आणि थांबलं. मी तिच्या हातातून खाली पडले.

रडणं थांबताच आप्पा घरात पळाले. ते आले तेव्हा त्यांच्या हातात त्यांची जुनी बिडाची इस्त्री होती. ज्या माणसाने जन्मात कशाला ओरखडा येऊ दिला नाही, त्याने ती पुढच्या दाराच्या काचेवर घातली. एकदा, दोनदा, काच फुटेपर्यंत. फुटक्या काचेतून हात घालून आतली कडी ओढली. हात कोपरापर्यंत फाटला, ते त्यांना नंतर कळलं.

गुंडी वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर मी काही सांगू शकलो नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी पट्टी बांधलेल्या हाताने मला मांडीवर घेतलं आणि खोळीचे टाके एकेक करून उसवले. कापडाच्या आत बटणाचा गोल वळ खोल उमटला होता. त्यावर त्यांनी बराच वेळ बोट ठेवलं. मग मला उलटं करताना त्यांच्या नखाखाली ती बारीक कळ आली. कळ सरकली आणि माझ्या पोटातून एक साधी लोखंडी चावी त्यांच्या तळहातावर आली.

त्यांनी बहिणीची कळ सरकवली. तिच्यातूनही तशीच चावी निघाली. गाडीच्या दाराच्या मुठीशी एक बारीक भोक होतं, त्यात आप्पांनी बहिणीची चावी फिरवली. दार उघडलं. त्यांनी ते लावलं आणि पुन्हा उघडून बघितलं.

"ही कधीपासून होती, आप्पा?" सूनबाईंनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून असणार," आप्पा म्हणाले आणि पायरीवर बसले.

आमच्या दोघींत नवे सेल घालून त्यांनी मला हुकावर टांगलं आणि समोर उभे राहिले. कुणी हात न लावता माझा दिवा लुकलुकला. मला घेऊन ते मागच्या खोलीत गेले. तिथे दिवा गप्प. परत हुकाशी आले, पुन्हा लुकलुक. तेव्हा पक्कड आणून त्यांनी तो पितळी हूक भिंतीतून उपटला. भोक अजून तसंच आहे, आप्पांनी ते बुजवू दिलेलं नाही.

आता मी मागच्या खोलीत, जबड्यांच्या फळीवर एका पत्र्याच्या डब्यात राहते. इथे हाक येत नाही आणि एकच सेल खूप दिवस पुरतो. मित्रांनो, तुमच्या घरातही कुठली तरी वस्तू अशी पुन्हा पुन्हा दमत असेल. तिला नुसती भरत राहू नका. ती कशाने दमते ते शोधा आणि तिच्या पोटात काय आहे ते वेळ येण्याआधी बघून ठेवा.

परवा आप्पांनी गुंडीला कडेवर घेतलं, मला तिच्यापुढे धरलं आणि म्हणाले, दाब बाळा, आता दिवा लागतो हं. माझ्यात ताकद होती, दिवाही लागला असता. गुंडीने माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.