दारच्या देवाचा दिवा

फुंग-यीने आईला बूट चढवले आणि तेवढ्यात अग्निशमन खात्याचा तपासनीस टपकला. दुपारचं डायलिसिस, खाली टॅक्सी ताटकळलेली, आणि हा बाबा उंबऱ्याशी मांडलेल्या भूमिदेवाच्या देव्हाऱ्याचे चारी बाजूंनी फोटो काढत बसला!

शाम शुई पो वस्तीतल्या त्या जुन्या इमारतीच्या जिन्याला खिडकी नव्हती. जिन्यातला बल्ब नववर्षाच्या सणापासून गेलेला. देवापुढे विजेचा तांबडा दिवा होता, म्हणून आई दोन मजले कशीबशी उतरायची. तिला धरण्यात फुंग-यीचे दोन्ही हात गुंतत. टॉर्च धरायला तिसरा कुठून आणणार?

"हा दिवा काढावा लागेल," तपासनीस लाउ म्हणाला. "जिना सामाईक आहे. इथे खासगी वायर चालत नाही. आग लागली म्हणजे?"

"अहो, मग उजेड कशाचा?"

"उजेडाची सोय आहे की." त्याने छताच्या बल्बकडे बोट केलं.

"तो पेटत नाही!"

"बसवलेला आहे ना? कायद्याला तेवढं पुरतं. पेटत नाही हा देखभालीचा प्रश्न. मालक-संघाला विचारा."

मालक-संघ म्हणजे पहिल्या मजल्यावरचे क्वोककाका. आवाज ऐकून ते चहाचा पेला घेऊन वर आलेच. "बैठकीशिवाय बल्ब बदलता येत नाही, पोरी. आणि बैठकीला माणसं जमत नाहीत."

"मी लावलेला नवा बल्ब काढून तुम्हीच हा गेलेला परत बसवलात ना?"

"सामाईक मालमत्ता आहे ती! उद्या कुणी पडलं तर बल्ब लावणारा जबाबदार."

"आणि उजेडच नाही म्हणून पडलं तर?"

"मग पडणारा," काका शांतपणे म्हणाले.

फुंग-यीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घ्या, काढला!" म्हणत तिने प्लग उपटला.

मिट्ट काळोख. काकांचा पेला कुठेतरी आपटून फुटला. लाउने मोबाइल चाचपला, पण फोटो काढून काढून तो केव्हाच बंद पडला होता.

"बाई, जरा लावा हो. मला उतरू द्या."

"तो उजेड नाही, साहेब. उजेड वर आहे, छताला."

"लाव गं," आई म्हणाली. "त्याचीही आई वाट बघत असेल."

फुंग-यीने चरफडत प्लग लावला. लाउ भिंत धरून उतरला. तळाशी पोचल्यावर त्याचा आवाज आला, "पोचलो! आता बंद करा!"

काका लगबगीने प्लगकडे वाकले. आईचा पाय पहिल्या पायरीवर होता. ती वळलीसुद्धा नाही.

"क्वोक, मी परत येईपर्यंत त्याला हात लावलास तर याद राख," ती म्हणाली. "आणि परवा मला पुन्हा जायचंय."