तांबड्या शाईचे रविवार

“सरका गं, स्वल्प सरका! अडीच झाले.”

सगुणाबाईंनी कमरेची किल्ली काढली आणि मैदानातल्या पांढऱ्या पेटीभोवती जमलेल्या मुली नावापुरत्या मागे झाल्या. चार खांबांवर उभी केलेली, चारही बाजूंनी तिरप्या पट्ट्यांची ती पेटी. आत उष्णतामापक टांगलेला. सगुणाबाईंनी दार उघडलं, श्वास रोखला, कारण माणसाच्या श्वासानंही पारा चढतो, आणि डोळे बरोबर पाऱ्याच्या उंचीला आणून त्या म्हणाल्या, “शहाण्णव.”

मुलींनी एकच कल्ला केला. पारा पंच्याण्णव फॅरनहाइटच्या वर गेला की शेवटच्या दोन तासांना सुट्टी, हा शाळेचा जुना नियम होता. पाच मिनिटांत दप्तरं घेऊन अर्धी शाळा फाटकाबाहेर पडली. सगुणाबाईंनी आकडा आधी वहीत लिहिला, मग फाटकाजवळच्या फळ्यावर. लिहिताना त्यांच्या मनात आलं, अंगाला तर आज तेवढं ऊन लागत नाही. पण मनात आलेलं त्यांनी मनातच ठेवलं.

सगुणाबाई या मुलींच्या हायस्कूलात आया होत्या. घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळूरला आलेलं, असं त्यांचे सासरे सांगायचे. तिसऱ्या पिढीत फौज गेली आणि चिकपेटेतली दीड खोली तेवढी राहिली. एकोणीस वर्षांपूर्वी, म्हणजे त्रेचाळीस साली, कार्टर मिस नावाच्या मोठ्या बाईंनी त्यांना पेटीची किल्ली दिली. सगुणाबाईंना अक्षरं येत नव्हती. मिसनं त्यांना आकडे शिकवले आणि तीन गोष्टी पढवल्या. दिसेल तेच लिहायचं, अंगाला काय वाटतं ते नाही. रविवारीसुद्धा यायचं, कारण ऊन सुट्टी घेत नाही, आणि रविवारचा आकडा तांबड्या शाईनं लिहायचा. आणि ज्या दिवशी पारा वाचता येणार नाही त्या दिवशी रेघ मारायची. अंदाजानं आकडा टाकला तर वही फाडून टाकीन, असा मिसचा दम होता.

सत्तेचाळीसनंतर मिस विलायतेला गेली. तिचा दम मात्र सगुणाबाईंपाशी राहिला. एकोणीस वर्षांत त्या वहीत रेघा दोनच होत्या. एक नवरा गेला त्या दिवशीची आणि एक गुलमोहराची फांदी पेटीवर कोसळली त्या दिवशीची. बाकी प्रत्येक रविवारी ही बाई चिकपेटेहून दोन मैल चालत येई, एक आकडा लिही आणि दोन मैल चालत परत जाई. शेजारपाजारच्या बायका हसायच्या. हसू देत बापड्या.

त्या वर्षी शाळेत हेमलताबाई आल्या. पुण्याच्या एम.एस्सी.; यजमान सरकारी कारखान्यात इंजिनिअर, राहायला राजाजीनगरात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दहावीच्या वर्गाला विचारलं, “पृथ्वी तापते आहे, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. का, सांगा बरं?” एक म्हणाली, सूर्य जवळ आलाय. दुसरी म्हणाली, रशियानं आकाशात कुत्री सोडली म्हणून. तिसरी होती नयना, चिकपेटेतल्या साड्यांच्या मोठ्या दुकानदाराची मुलगी. तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि दोघी बाकाखाली तोंड घालून हसल्या. हेमलताबाईंनी मग मासिकात वाचलेलं समजावलं. कोळसा जळतो, तेल जळतं, हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो उष्णता धरून ठेवतो. मुलींनी ते लिहून घेतलं आणि पाठ केलं.

आणि मग त्यांच्या हाती सगुणाबाईंची वही लागली.

“अहो सगुणाबाई, हे काय सोनं घेऊन बसलाय तुम्ही! एकोणीस वर्षं? रोज?”

“रोज अक्का. मिसनं सांगिटलेलं.”

“आणि एप्रिलचे आकडे बघा. आधी नव्वद, एक्क्याण्णव, आता शहाण्णव, सत्त्याण्णव!”

“शाळेमागची केरे बुजवली न्हवं का. पाणी गेलं, माडाची बाग गेली. वारा थंड यायचा तिकडनं, तो गेला.”

हेमलताबाईंना त्या बुजवलेल्या तळ्यापेक्षा पृथ्वीत जास्त रस होता. जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन महिन्यावर आलं होतं. त्यांनी भिंतभर तक्ता करवून घेतला: ‘आपले शहर तापते आहे’. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: निरीक्षक, सगुणाबाई. सगुणाबाईंनी नीट हात धुतले आणि विचारलं, “माझं नाव कुठलं ह्यात?” हेमलताबाईंनी त्यांचं बोट धरून पाच अक्षरांवरून फिरवलं. प्रदर्शनाच्या दिवसापर्यंत सगुणाबाई कोणी नसताना चारदा तरी त्या अक्षरांवरून बोट फिरवून आल्या. आयुष्यात त्यांना आणखी काही नको होतं. ती वही खरी आहे एवढं कोणी चारचौघांत म्हणावं, बस.

प्रदर्शनाला परीक्षक म्हणून भीमाचार्य आले. हवामानखात्यातून निवृत्त झालेले, जाड भिंगाचे, मऊ आवाजाचे गृहस्थ. तक्त्यासमोर नयना उभी होती. तिनं कार्बन डायऑक्साइड घडाघडा म्हणून दाखवला. भीमाचार्यांनी मान डोलावली आणि वही मागितली. पाच मिनिटं, दहा मिनिटं ते पानं उलटत राहिले. सगुणाबाई नवी नेसलेली इरकल सावरत बाजूला उभ्या होत्या.

“गंमत आहे,” भीमाचार्य म्हणाले. “तीन वर्षांपूर्वीपासून उन्हाळ्यात पारा एकदम चढला. पण सत्त्याण्णवच्या पुढं एकदाही गेला नाही. ढग असोत, ऊन असो, शहाण्णव नाहीतर सत्त्याण्णव. एवढी शिस्त उन्हाला नसते. माणसाच्या मुठीला असते.” मग ते लाडानं नयनाकडे वळले. “काय गं पुट्टी, मूठ किती वेळ धरावी लागते?”

मुली खिदळल्या. नयनाला वाटलं, म्हातारा गंमतच करतोय. शिवाय तिचे वडील शाळेच्या कमिटीवर होते, भ्यायचं कशाला?

“दहा मिनिटं, सर. पेटीची मागची एक पट्टी निघालीय, तिथून हात जातो. मधल्या सुट्टीत अडीच वाजेपर्यंत आळीपाळीनं पाऱ्याचा फुगा मुठीत धरतो आम्ही.”

“आणि आयाला कळत नाही?”

“तिला काय कळतंय हो!” नयना हसत म्हणाली. “ती जे दिसतं तेच लिहिते.”

एखाद्या निरीक्षकाची याहून मोठी तारीफ झाली नसती. पण त्या खोलीत ती कोणाला ऐकूच आली नाही. सगळे हसत होते. शाळेच्या आताच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, हसत नव्हत्या. त्यांचा चेहरा तांबडालाल झाला होता.

“सगुणाबाई! तीन वर्षं सुट्ट्या वाटत होतात तुम्ही? काय द्यायच्या पोरी तुम्हाला?”

“न्हाई हो अम्मा! पट्टी निघालीय म्हणून मी तीनदा सांगिटलं तुमास्नी. सुतार आलाच न्हाई.”

“म्हणजे चूक माझी?”

सगुणाबाईंनी हेमलताबाईंकडे पाहिलं. एवढ्या जणांत त्यांचं बोट धरणारी तेवढी एकच होती. हेमलताबाई दोन पावलं मागं सरल्या आणि तक्त्याकडे हात करून म्हणाल्या, “मी तर नवीन आहे मॅडम. आकडे त्यांचे आहेत. निरीक्षक म्हणून नावच आहे ना त्यांचं इथं.”

सगुणाबाई पुढं झाल्या. त्यांनी भीमाचार्यांच्या हातातल्या वहीकडे बोट दाखवलं. 

“सर, तांबडे बघा. तांबडे रविवारचे. रविवारी पोरी न्हाईत. रविवारी कोन न्हाई, मी एकलीच.”

भीमाचार्य थांबले. त्यांनी पुन्हा पहिलं पान काढलं. या वेळी त्यांचं बोट फक्त तांबड्या आकड्यांवरून खाली सरकत गेलं, त्रेचाळीस साल, पन्नास, छप्पन्न, बासष्ट. ओठ हलत होते. “दोन अंश,” ते स्वतःशीच म्हणाले. “तळं बुजवल्यापासून दोन… अडीच.”

“मग सर?”

त्यांनी वही मिटली. आवाज पूर्वीइतकाच मऊ होता. “बाई, एका वहीत खोटे आकडे सापडले की ती सगळीच बाद. तांबडे खरे असतीलही. कोण मानणार?”

त्यांना मानता आलं असतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. तरी पुढच्या टेबलावर साबणाचा कारखाना मांडलेला होता, तिकडे ते गेले.

किल्ली त्याच संध्याकाळी काढून घेतली. उन्हाची सुट्टी बंद झाली आणि त्याचा राग मुलींनी सगुणाबाईंवर काढला. त्या घंटा द्यायला निघाल्या की ओळीतल्या सगळ्या मुली मूठ वर करून दाखवायच्या, तोंडानं काही नाही, नुसती मूठ. नयनाला कोणी शब्दानं बोललं नाही. मार्चच्या परीक्षेत ‘पृथ्वी का तापते?’ हा प्रश्न आला आणि तिला दहापैकी दहा मिळाले. वही रद्दीत गेली. पेटीतला उष्णतामापक काढला आणि माळी तिथं खुरपी ठेवू लागला. फाटकाजवळच्या फळ्यावर मुली रोज एक सुविचार लिहीत आणि संध्याकाळी तो पुसायचं काम सगुणाबाईंचं असे. काय पुसतोय ते त्यांना वाचता येत नव्हतं.

पुढच्या एप्रिलात उन्हानं कहर केला. नळ आटले, मैदानावरची कवायत बंद पडली, बाजारात लोक छत्र्या घेऊन सावली हुडकत फिरत होते.

अशाच एका रविवारी सगुणाबाई चिकपेटेहून दोन मैल चालत आल्या. शाळेला कुलूप होतं. मागच्या कुंपणाच्या फटीतून त्या आत गेल्या. अडीच वाजता पेटीसमोर उभ्या राहिल्या. सवयीनं श्वास रोखला. पट्ट्यांतून खुरप्यांची पाती दिसत होती. मानेवर, दंडांवर, पायाच्या तळव्यांना ऊन सांगत होतं, सत्त्याण्णव, कदाचित अठ्ठ्याण्णव. एकोणीस वर्षांनी इतकं त्यांना कळत नव्हतं असं थोडंच होतं.

त्यांनी पदराखालून दोन आण्यांची नवी वही काढली, तांबड्या शाईची दौत आणि टाक काढला, पेटीच्या सावलीत बसून पान उघडलं. पानावर आधीच्या सगळ्या रविवारच्या रेघा होत्या, एकीखाली एक. सगुणाबाईंनी टाक बुडवला, जास्तीची शाई दौतीच्या काठाला निपटली आणि त्यांच्याखाली आणखी एक रेघ मारली.