रम्प की सरलॉइन

सुमेधा काळाचौकीच्या चाळीतल्या घरातून लंडनमधल्या एका मोठ्या दुकानाचं काम करायची. गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर सोडवायच्या. त्या दुपारी तिच्या हाताखालची अवनी गोंधळली होती. लंडनमध्ये राहणाऱ्या एका अमेरिकन बाईने सरलॉइन, म्हणजे बीफचा एक ठरावीक तुकडा, मागवलं होतं आणि भलताच तुकडा आला म्हणून ती भांडत होती.

"अगं, नावांचा घोळ आहे," सुमेधा फोनवर समजावत होती. "अमेरिकेत सरलॉइन म्हणतात, त्याला इंग्लंडात रम्प म्हणतात. बैलाच्या मागचा भाग. इंग्लंडातलं सरलॉइन पाठीचं."

समोर स्क्रीनवर बैलाचं चित्र होतं, रेघांनी तुकडे पाडलेलं. उकाड्यामुळे गॅलरीकडची खिडकी उघडी होती. बाहेर कोणीतरी थबकल्यासारखं वाटलं. तिने वळून पाहिलं, तर कोणी नव्हतं.

चहाच्या वेळी त्या स्क्रीनचा फोटो चाळीच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, 'आपल्या मजल्यावर काय चाललंय?' उत्तर कोणीच दिलं नाही. वाचलं मात्र सगळ्यांनी.

दिवेलागणीला दार वाजलं. शेजारचा उन्मेष, आणि मागे तिघे अनोळखी. सुमेधाचे सासरे अप्पा टीव्ही बंद करून उठले.

"अप्पा, फक्त फ्रीज बघतो," उन्मेष म्हणाला. चपला न काढताच ते आत शिरले.

"अरे, ते माझं ऑफिसचं काम आहे!" सुमेधा म्हणाली. "घरात कोण खातंय?"

"मग बैलाचे भाग तोंडपाठ कसे, वहिनी?"

एकाने फ्रीजरमधून खिम्याची पिशवी काढली.

"मटण आहे ते," अप्पा म्हणाले. "मी स्वतः आणलंय."

"कोणाकडून?"

अप्पांनी सुनेकडे पाहिलं. "कोपऱ्यावरच्या लतीफभाईकडून."

"बरं झालं सांगितलंत," तो माणूस एकदम अदबीने बोलला. पिशवी घेऊन ते गेले. जाताना दार हळूच ओढून घेतलं.

"अप्पा, लतीफभाईंना फोन करा!"

"नंबर नाही गं माझ्याकडे."

सुमेधा तशीच खाली धावली. लतीफभाईंच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत दिवा जळत होता, पंखा फिरत होता, माणूस नव्हता. फुटपाथवर उन्मेष उभा होता.

"घरी जा, वहिनी," तो म्हणाला. "तुमचा विषय मिटला."

दुसऱ्या दिवशीही दुकान उघडलं नाही. जिन्यात उन्मेषने वाकून नमस्कार केला. अप्पांनी मान हलवून तो घेतला, आणि कठडा धरून बराच वेळ तिथेच उभे राहिले.