बरोबर ऐकलंत

श्रीरंग पोहायला शिकला तो विहिरीत, तेही मामाने ढकलून दिलं म्हणून. असा हा प्राणी १९५९च्या मार्चमध्ये जर्मनीत कीलच्या समुद्रात, तीन अंश पाण्यात उतरत होता, कारण दुसरं कोणी उरलंच नव्हतं. डॉक्टरेटसाठी त्याने विषय घेतला होता गंजाचा. लोखंड समुद्रात किती गंजतं हे पाहायला त्याने दीड वर्षापूर्वी एका बुडालेल्या कोळशाच्या जहाजात लोखंडाच्या सहा पट्ट्या बांधून घेतल्या होत्या. जहाज जेमतेम नऊ मीटरवर, येणाऱ्याजाणाऱ्या बोटींच्या वाटेत. म्हणून सोमवारी ते सुरुंगाने उडवणार होते. नेहमीचा पाणबुड्या मनगट मोडून घरी बसलेला, आणि आज होता शनिवार; रविवारी बोट निघत नसे. पट्ट्या आज हाती लागल्या तर डॉक्टरेट, नाहीतर हात हलवत पुण्याला परत. शिष्यवृत्ती काही आणखी दीड वर्ष कोणी देणार नव्हतं.

सहा आठवडे बंदरात शिकून त्याने परवाना मिळवला होता. पितळी टोप, शिशाचे बूट, टोपात फोन. फोनच्या दुसऱ्या टोकाला बोटीवर हिनरिक्सेन, वय त्रेसष्ट, हातात श्रीरंगचा दोर. म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं अशी कुजबुज हिवाळाभर चालली होती. त्याच्याकडून फोनचं काम आज काढून घेतात की उद्या, एवढंच बाकी होतं.

थंडी आधी बोटांना चावली, मग बोटंच नाहीशी झाल्यासारखी वाटली. पाणी हिरवं आणि गढूळ. पण जहाजाच्या पोटात उतरायचं भगदाड सापडलं, आणि आत, दोन हातांवर, पट्ट्या लटकताना दिसल्या! सहाच्या सहा! श्रीरंगला नाचावंसं वाटलं, पण त्या बुटांत कसला नाचतो.

"कुठवर आलात?" फोनमधून हिनरिक्सेन.

"दारात. पट्ट्या दिसतायत."

"गेनाऊ, बरोबर. मग?"

आता श्रीरंगच्या घरी बाहेर पडताना 'जातो' म्हणायची सोय नव्हती. जिभेवर 'जातो' आलं की आई जिन्यावरून ओरडायची, "येतो म्हण, मेल्या!" सत्तावीस वर्षांची सवय, त्यात डोकं बधिर. आत पाऊल टाकता टाकता तो फोनवर म्हणाला, "आल्झो, इश कोम." म्हणजे, बरं, येतो.

हिनरिक्सेनला जर्मन कळत होतं, पुणेरी नाही. खालचा माणूस 'येतो' म्हणतोय म्हटल्यावर त्याने दोर ओढला. श्रीरंग घसा फाटेस्तोवर ओरडला, पण टोपातल्या हवेच्या फुसफुशीत त्याचं त्यालाच ऐकू येईना. पट्ट्या मागे राहिल्या आणि हा वर.

डेकवर टोप काढताच तो म्हणाला, "मला परत सोडा!"

कप्तानाने नोंदवही उघडली. "नियम आहे. पाणबुड्याने आपणहून वर घ्या म्हटलं, तर त्या दिवशी त्याला पुन्हा उतरवायचं नाही. फोनवाल्याने चुकीचं ऐकलं असेल, तर गोष्ट वेगळी. मग लगेच सोडतो." त्याने हिनरिक्सेनकडे बोट करून श्रीरंगकडे पाहिलं. "चुकीचं ऐकलं का यांनी?"

हिनरिक्सेनने कानावरचा फोन काढला. "चुकलं का माझं?" त्याने श्रीरंगला विचारलं. "खरं सांगा."

एक 'हो', बस. कोण तपासायला बसलं होतं? म्हाताऱ्याची तर स्वतःचीच खात्री नव्हती. श्रीरंगला सगळ्यांचा राग आला: स्वतःचा, आईचा, आख्ख्या पुण्याच्या शिष्टाचाराचा. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "बरोबर ऐकलंत तुम्ही. मीच म्हणालो."

कप्तानाने तसं लिहिलं आणि बोट बंदराकडे वळवली.

हिनरिक्सेन खाली बसून श्रीरंगच्या बुटांचे पट्टे सोडू लागला. "म्हणजे येतं मला ऐकू," तो पुटपुटला. "घरी बायकोला सांगतो. दोन वर्षं घाबरलोय हो मी."

श्रीरंगला वाटलं, या माणसाला पाण्यात ढकलून द्यावं. मग त्याला रडूच फुटलं, लहान पोरासारखं. थंडीने झालं असेल, असं हिनरिक्सेनला वाटलं. त्याने अंगातला कोट काढून श्रीरंगच्या खांद्यावर घातला आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून दिली.