नखरा

आमच्या कारखान्यात खिळ्यांच्या गनच्या टोकाला नखरा म्हणतात. खरं नाव कोणालाच ठाऊक नाही. गनच्या नाकाशी स्प्रिंगवर बसवलेली एक लोखंडी पट्टी असते. ती फळीवर दाबली, की मगच घोडा ओढल्यावर खिळा सुटतो. नुसता घोडा ओढून बसलात तर गन ढिम्म राहते. आधी टेकव, मग दाब, तेव्हा कुठे बाईसाहेब कामाला लागणार. म्हणून कधीतरी कोणीतरी वैतागून म्हणालं असेल, हिचे नखरे फार. तेव्हापासून पट्टीचं नाव नखरा पडलं, आणि नाव पडल्यावर बांधून टाकणं सोपं झालं. पट्टी मागे ओढायची, बारीक तारेचे तीन वेढे द्यायचे, पक्कडीनं पीळ मारायचा. मग गन कशालाही न टेकवता चालते, हात झपाझप पुढे सरकतो आणि दिवसाला सोफ्याच्या चार फ्रेमा जास्त निघतात.

मी त्या टेबलावर अकरा वर्षं आहे. नखरा मीही बांधला आहे, माझ्याच हातानं, हसत हसत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटायचं की मी अगदी धुतल्या तांदळासारखी.

सहा आठवड्यांपूर्वी, दुपारच्या चहानंतर, मी एका सोफ्याच्या पाठीला प्लाय ठोकत होते. डाव्या हातानं प्लाय धरलेला, उजव्या हातात गन. एक खिळा मारून पुढच्या जागेकडे वळले तेव्हा बोट घोड्यावरच होतं. दोन खिळ्यांच्या मध्ये बोट बाहेर काढायचं, हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी मी विसरले होते. तेवढ्यात पलीकडून फ्रेमवाल्या काकांनी त्यांची फ्रेम ओढली. तिचा पाय माझ्या गनला हवा पुरवणाऱ्या पाइपवर आला, पाइपला हिसका बसला, गन हातात फिरली आणि बोट आवळलं गेलं. गन कशाला टेकलेली नव्हती. तरी वीतभर लांबून दोन इंची खिळा माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी शिरला. तिरका, अर्धा आत, अर्धा बाहेर.

डॉक्टरीणबाईंनी तो काढला, कागदात गुंडाळून मला दिला आणि म्हणाल्या, "नशीब समजा, पार गेला नाही." मी तो जपून ठेवला. जखम भरली, पण अंगठा अजून चिमटीत येत नाही. बटण लागत नाही, वेणी घालता येत नाही.

सहा आठवड्यांनी कामावर परत गेले तर मालकांनी काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. मुकादम आधीच तिथे उभे होते, हात मागे बांधून. टेबलावर एक कागद होता. अपघात झाला की असा कागद कामगार कचेरीत जातो, एवढं मला माहीत होतं.

"फक्त सहीसाठी अडलंय," मालक म्हणाले. "इथे करा, आणि उद्यापासून या. तुमची जागा ठेवली आहे."

मी कागद उचलून वाचला. अपघाताचे कारण: कामगाराचा निष्काळजीपणा. सदर कामगाराने डावा हात गनच्या टोकाखाली ठेवला. खाली साक्षीदाराच्या जागी फ्रेमवाल्या काकांची सही होती. काकांची सही मी लांबूनही ओळखते. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस, ते सही करत नाहीत, कोरतात.

"हात टोकाखाली नव्हता," मी म्हणाले.

"मग खिळा काय उडून आला?" मुकादम हसले.

"हो. उडूनच आला. नखरा बांधलेला होता."

"ते सगळं कागदावर येत नाही," मुकादम म्हणाले. "ज्याला गन धरता येत नाही त्याला टेबलाशी उभं कसं करायचं, याचाही विचार करावा लागेल आम्हाला. बघ बाई."

म्हणजे सही केली तर टेबल माझं, नाही केली तर मी घरी. आणि केली, तर अकरा वर्षं नीट काम करणारी मी कायमची बावळट ठरणार, सरकारी शिक्क्यासकट. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या त्यामुळे. दुखरा हात मी सहन केला असता. सगळं खापर त्याच हातावर फोडायला मी तयार नव्हते.

"उद्या सांगते," म्हणून मी निघाले. बाहेर काका रंधा मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

घरी नवरा म्हणाला, तू ठरव. तो नेहमी असंच म्हणतो आणि मी ठरवलं की चार दिवस तोंड पाडून फिरतो. त्याच्याकडून मी कधीच अपेक्षा ठेवलेली नाही, त्यामुळे आमचं बरं चाललं आहे.

सकाळी सासूबाई माझी वेणी घालत होत्या. अंगठा दुखावल्यापासून ते काम त्यांनी अंगावर घेतलं होतं आणि केस असे ओढायच्या की डोळ्यांत पाणी यायचं.

"सही कर आणि मोकळी हो," त्या म्हणाल्या. "कागदाचं काय एवढं?"

"आई, त्यात खोटं लिहिलंय."

"सगळंच खोटं? तू निष्काळजी नव्हतीस?"

मला घोड्यावरचं बोट आठवलं. "होते," मी म्हणाले. "थोडी."

"मग थोडंच लिही," त्या म्हणाल्या आणि वेणीची गाठ करकचून मारली.

मी आरशात त्यांच्याकडे बघत राहिले. कालपासून मी एकतर सगळं नाकारायच्या तयारीत होते किंवा सगळं पदरात घ्यायच्या. हा तिसरा रस्ता या बाईनं दातात रिबीन धरून दाखवला.

कारखान्यात मी केबिनकडे गेलेच नाही. सरळ माझ्या टेबलाशी गेले, डोळे वाचवायचा चष्मा लावला, भिंतीशी भुशाचं पोतं उभं केलं आणि त्याला एक फळी टेकवली. माझी गन खुंटीला होती. नखरा अजून बांधलेला, तोच, माझ्याच पिळाचा. सहा आठवडे ती गन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात चालली होती आणि कोणाला तार काढावीशी वाटली नव्हती.

"हे काय चाललंय?" मुकादम आले. मागोमाग मालकही केबिनमधून बाहेर आले.

"सही करायच्या आधी एकदा बघून घ्या. मुकादम, चष्मा लावा, नाहीतर माझ्या मागे उभे राहा."

मुकादम मागे झाले. चष्मा त्यांच्याकडे नव्हताच. मी पाइप जोडला, फळीपासून वीतभर लांब गन धरली आणि घोडा ओढला. खिळा फळीत बसला, तिरका, अर्धा आत, अर्धा बाहेर. मग टोक फळीवर दाबून दुसरा मारला. तो डोक्यापर्यंत आत गेला, वर बोट फिरवलं तर लागेनासा. मग मी खिशातला कागद उलगडून माझा खिळा टेबलावर ठेवला. निम्म्या लांबीपर्यंत त्याला वाळलेल्या रक्ताचा काळा डाग होता.

"हात टोकाखाली असता तर हा पार होऊन प्लायमध्ये गेला असता," मी म्हणाले. "मी तिथेच खिळून राहिले असते. तुम्हाला मला फ्रेमसकट दवाखान्यात न्यावं लागलं असतं."

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. पाइप काढून मी गन टेबलावर ठेवली, पक्कडीनं तारेचे तीनही वेढे कापले आणि पट्टी पुढे आली. पुन्हा हवा जोडली, हवेतच घोडा ओढला. एकदा, दोनदा, पाच वेळा. गन ढिम्म.

मालकांनी फळीतल्या दोन्ही खिळ्यांवरून बोट फिरवलं. माणूस मूर्ख नाही. ते जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. आजच्या आज सगळ्या गनच्या तारा काढायला सांगतो. तुम्ही फक्त त्या कागदावर सही करा. तुमचंही काम झालं, माझंही."

खरं सांगते, मी डगमगले. आठ गन होत्या. म्हणजे सोळा हात, आणि त्यांतले पंधरा अजून धड. एका सहीत ते सगळे वाचत होते. माझं नाव खराब झालं तर झालं, असं क्षणभर वाटून गेलं. पण मग मला पुढचंही दिसलं. मोठी ऑर्डर येणार, मुकादम तारेचं भेंडोळं काढणार, आणि कोणी तोंड उघडलं तर हाच कागद पुढे करणार. गनमध्ये काही दोष नव्हता हो, त्या बाईच्या हातात होता, बघा तिनंच लिहून दिलंय.

"तारा काढणं ही मेहेरबानी नाही," मी म्हणाले, आणि मुद्दाम खालच्या आवाजात नाही. "त्या काढायच्याच आहेत. आणि सही मी खोट्यावर करणार नाही. ही दोन वेगळी कामं आहेत."

"नखरे पुरे झाले आता," मुकादम म्हणाले.

ते असं म्हणाले नसते तर कदाचित मी पुढचं केलं नसतं. मी गन खुंटीला लावली, भिंतीपाशी गेले आणि कंप्रेसरचा मुख्य वॉल्व्ह बंद केला. शेजारचा छोटा नळ उघडून पाइपात उरलेली हवाही सोडून दिली. मोठा फुसकारा झाला आणि आठही टेबलांवरच्या गन मेल्या. एवढी शांतता त्या शेडमध्ये मी जेवणाच्या सुट्टीतही ऐकली नव्हती.

"कोणाला विचारून?" मुकादमांचा आवाज चढला.

"तुम्हीच शिकवलंत. काही अडकलं की आधी हवा काढायची, मग हात घालायचा. इथे बरंच अडकलंय."

त्यांचीही हवा गेली असावी, कारण ते माझ्याशी बोलायचे थांबले आणि काकांकडे वळले. "काका, वॉल्व्ह उघडा."

काका वॉल्व्हच्या अगदी जवळ होते. ते दोन पावलं आले. गेल्या अकरा वर्षांत त्यांनी कोणालाही नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, म्हणून मी तयारीत राहिले. पण ते वॉल्व्हपाशी थांबले नाहीत. त्यांनी माझ्या टेबलावरची पक्कड उचलली, आपल्या गनशी गेले आणि तार कापली. तारेचा तुकडा फरशीवर पडला. मग पलीकडच्या टेबलावर कापल्याचा आवाज आला, मग त्याच्या पलीकडे. दोघांना तार सापडेना इतकी ती तेलामातीत बसली होती, त्यांना शेजाऱ्यांनी दाखवली.

"तो कागद आणा," काका मालकांना म्हणाले. "फ्रेम मी ओढली होती. पाइपवर आली ती. मी भ्यायलो, म्हणून सही केली."

मालकांनी कागद आणला. काकांनी स्वतःच्या सहीवर एकच रेघ मारली, पट्टीनं आखल्यासारखी सरळ. मग पेन माझ्याकडे दिलं. "लिही पोरी. माझंही लिही."

मी मागची कोरी बाजू घेतली आणि उजव्या हातानं लिहिलं, डाव्या हाताच्या मनगटानं कागद दाबून. माझे बोट घोड्यावर होते, ही माझी चूक. काकांनी फ्रेम ओढताना पाइप तिच्याखाली आला, तो बघितला गेला नाही. नखरा बांधलेला होता. तो सगळ्या गनचा बांधलेला असतो, मीही बांधला आहे, आणि मुकादमांना माहीत होते. नखरा मोकळा असता तर खिळा सुटलाच नसता. खाली सही केली. काकांनी शेजारी पुन्हा आपली सही कोरली.

मालकांनी वाचलं. दोनदा वाचलं. मग अडकले.

"हे नखरा काय लिहिलंय?" ते म्हणाले. "कचेरीतल्या साहेबांना काय कळणार? त्या भागाचं खरं नाव लिहा."

"खरं नाव आम्हाला कोणी सांगितलेलं नाही," मी म्हणाले. "तुम्हाला माहीत असेल तर सांगा, लिहिते."

मालकांनी मुकादमांकडे बघितलं. मुकादमांनी खाली पडलेल्या तारांकडे बघितलं.

"मग असंच जाऊ दे," मी म्हणाले. "कळलं नाही तर ते विचारायला येतील. आले की मी दाखवीन."

मी पेनाचं टोपण दातांनी लावलं, पेन मालकांच्या हातात दिलं आणि वॉल्व्ह उघडायला गेले.