कोरड्या नदीतील हातकुऱ्हाड

मित्रांनो, सरळ बसा आणि ऐका. मी एक दगडी हातकुऱ्हाड आहे. आफ्रिकेत, तुर्काना सरोवराच्या प्रदेशात, नदीकाठी जन्मले. तुमच्या साऱ्या पणज्या माझ्यापुढे तान्ह्या आहेत.

माझ्या आधीचे लोक दगड नुसता फोडत आणि निघेल ती धार वापरत. जिने मला घडवले, तिचे कपाळ बसके होते, भुवयांची हाडे जाड होती. पण पहिला घाव घालण्याआधीच माझा आकार तिच्या मनात तयार होता. एक कपचा उडवला की ती मला उलटे करून न्याहाळत असे. पुढे लेकीचे मनगट धरून तिने तिलाही ते शिकवले. माझी घडवणारी त्या काठावरच मरण पावली. मी तिच्या हाताशी होते. वाळूने आम्हा दोघींना एकत्र झाकले.

लाखो वर्षांनी अरोत नावाच्या बाईने पाण्यासाठी कोरड्या पात्रात खड्डा खणला आणि मला घरी नेले. ती मला घेऊन ताडाची टणक फळे फोडू लागली. मला त्यात कमीपणा वाटला नाही. तिचा दीर एसेकोन जुनी हाडे शोधणाऱ्यांकडे कामाला होता. त्याने मला पाहिले मात्र, तो ओरडलाच.

"वहिनी, थांबा! हा दगड कुठून आणलात?"

"नदीतून. का, तुमच्या सासुरवाडीचा आहे?"

"थट्टा पुरे. सोबत आणखी काही होतं?"

"होता एक जबडा. काळा, जडशीळ. माकडाचा असेल म्हणून खड्ड्याशेजारीच टाकला."

"अहो, ज्यानं हे घडवलं त्याचाच असेल तो! काय खाल्लं, किती जगला, सगळं दातांवरून कळतं. कुठला खड्डा?"

"चला, दाखवते. रोज नवा खणतो आम्ही, पण कालचा ओळखेन."

दोघे धावले. आकाश निरभ्र होते. पाऊस दूरच्या डोंगरांत झाला होता. त्यांच्या डोळ्यांदेखत लाल पाण्याचा लोंढा पात्रात शिरला आणि सारे खड्डे बुजले.

अरोत काठावर मटकन बसली. "भावोजी, माणूस आहे हे ठाऊक असतं, तर उराशी धरून आणलं असतं हो."

आता मी संग्रहालयात काचेच्या पेटीत असते. लोक वाकून धार पाहतात, वाखाणतात. खालच्या पाटीवर लिहिले आहे, 'घडवणारा अज्ञात'. घडवणारा म्हणे!

तेव्हा मुलांनो, माझी आज्ञा समजा. मातीत जुने काही दिसले, तर हात आवरा. तेथे खूण करा, जाणत्यांना बोलवा. त्याच्या शेजारी कोण निजले आहे, हे आधी पाहू द्या.