केशरी पलंग

आईचा पलंग हलला की चष्मेवाल्या मुलाच्या पदरात पडणार होती रस्त्याकडची खोली. मोठी खिडकी, उजेड, आणि दारावर चष्म्यांच्या दुकानाची पाटी. आईच्या वाट्याला मागची खोली. तिला खिडकी नव्हती, सोबतीला पाण्याची टाकी तेवढी होती.

"पलंग गंजलाय, आई. पावडर कोटिंग करून आणतो, नव्यासारखा होईल. मग मागे निवांत पडून राहा."

"कर," आई म्हणाली. ती इतक्या लवकर कधीच कबूल होत नाही, हे त्याने ध्यानात घ्यायला हवं होतं.

वडिलांनी तो लोखंडी पलंग पुढच्या खोलीतच जोडला होता. जोडलेला कुठल्याच दारातून निघत नसे. म्हणून खुंट्या ठोकून काढल्या, तुकडे टेम्पोत घातले. आईही टेम्पोत बसली. म्हणाली, रंग बघायचाय.

कारखान्यात गंज खरवडून लोखंड उघडं केलं. मुलगा राखाडी रंग सांगून पाटीची चौकशी करायला फोन घेऊन बाहेर गेला. कोटिंगवाला पायांतल्या भोकांत रबराची बुचं कोंबत होता.

"ही कशाला?" आईने विचारलं.

"भोकांत पावडर जाऊ नये म्हणून. गेली तर भट्टीत वितळून तिथेच घट्ट होते. मग खुंट्या बसत नाहीत."

"ठोकल्या तर?"

"बसतील. पण परत निघायच्या नाहीत, आजी. पलंग जिथे जोडाल तिथलाच झाला म्हणायचं."

"मग काढा ती बुचं."

त्याने तोंडावरचा मास्क खाली ओढला. "तुमचा मुलगा मला सोलून काढेल."

"पलंग माझा आहे. आणि राखाडी नको. त्या डब्यात काय आहे?"

"केशरी. बागेतल्या झोपाळ्यांना मारतो."

"तोच मारा."

कोटिंगवाला माल घेऊन घरी आला तेव्हा मुलगा पाटी आणायला गेला होता. आईने पलंग पुढच्या खोलीत, खिडकीशी जोडून घेतला. पाटी काखोटीला मारून मुलगा दारात आला, तेव्हा कोटिंगवाला शेवटची खुंटी ठोकत होता.

"इथे कशाला जोडला? सोडवा."

"निघणार नाही, साहेब. सांगितलं होतं."

"कुणाला?"

"मालकिणीला."

मुलाने स्वतः हातोडा चालवला. पलंग ढिम्म.

"ग्राइंडरने कापायला लावीन."

आई पलंगावर आडवी झाली, चादर गुडघ्यांपर्यंत ओढली. "लाव. मी उठायची नाही. फक्त ठिणग्या चादरीवर पडू देऊ नका म्हणावं, धुतलेली आहे."

सून स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जास्तच वाजली, पण हसू काही झाकलं गेलं नाही.

हिशेब असा मिटला. कोटिंगचे पैसे मुलाने भरले, पाटीचेही त्यानेच. दुकान मागच्या खोलीत, दिवसा दिवे लावून चालतं. गिऱ्हाईक केशरी पलंगाला वळसा घालून आत जातं, आणि नजर कशाने गेली याची चौकशी आई आधी करून घेते. तिच्या पदरचं गेलं ते एकच, दुपारची झोप. ये-जा इतकी की डोळा लागत नाही. पण तिने त्याची तक्रार केलेली अजून कुणी ऐकली नाही.